शिफारशीच्या नेमणुका अमेरिकेला महागात पडल्या होत्या

संपादक महोदय,

ट्रम्प यांनी २० जानेवारी २०२५ ला, म्हणजे शपथ घेतली त्याच दिवशी आदेश काढला की धोरणाशी संबंधित सरकारी कर्मचाऱ्यांना नोकरीवरून काढणं सोपं व्हावं, २०२० मध्ये पण काढला होता, बायडन यांनी येताच रद्द केला. नवी पेठेत माझी अभ्यासिका आहे, तिथली स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं म्हणाली काका तिकडचं आपल्याला काय. मला वाटतं सगळ्यात जास्त संबंध ह्या पोरांचाच आहे, कारण सरकारी नोकरी परीक्षेवर मिळावी की वशिल्यावर हाच तो प्रश्न आहे.

१८८१ साली गारफिल्ड राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा तिकडे नोकरी म्हणजे पक्षाचं काम केल्याचं बक्षीस. सगळ्यात मोठा घास न्यूयॉर्क बंदराच्या कस्टमचा, देशात येणाऱ्या मालावरच्या जकातीचा मोठा हिस्सा तिथेच जमा व्हायचा, आणि तिथल्या कारकुनांच्या पगारातून पक्षनिधी कापून घ्यायचे. ते खातं सिनेटर, म्हणजे तिकडच्या संसदेच्या वरच्या सभागृहाचे सदस्य, कॉंकलिंग यांच्या मुठीत. गारफिल्डनी त्यांना न विचारता त्यांच्याच विरोधकाचं, रॉबर्टसनचं नाव त्या कस्टमच्या प्रमुखपदासाठी सिनेटच्या मंजुरीला पाठवलं. केवढं प्रेशर आलं असेल! पण त्यांचा सवाल सरळ होता, राष्ट्राध्यक्ष हा सिनेटचा नोंदणी कारकून आहे की देशाचा प्रमुख? मागे हटले नाहीत, उलट न्यूयॉर्कची बाकीची नावं परत घेतली म्हणजे सिनेटला आधी ह्याच नावावर मत द्यावं लागेल. कॉंकलिंगनी रागानं राजीनामा दिला, त्यांना वाटलं राज्याची विधानसभा परत निवडून पाठवेल, तिनं नाही पाठवलं.

आणि त्याच वर्षी २ जुलैला गितो नावाच्या माणसानं वॉशिंग्टनच्या रेल्वे स्टेशनात गारफिल्डना गोळी घातली. प्रचारात केलेल्या कामाच्या बदल्यात पॅरिसच्या वकिलातीत मोठं पद मिळावं म्हणून तो महिनोन्‌महिने चकरा मारत होता. सप्टेंबरात गारफिल्ड गेले. त्यांच्या जागी आलेले आर्थर हे कॉंकलिंगचेच माणूस, पूर्वी त्याच कस्टमचे प्रमुख, पण १८८३ मध्ये परीक्षा घेऊन नोकरी देण्याच्या पेंडल्टन कायद्यावर सही त्यांनीच केली. सुरुवातीला दहातल्या एखाद्याच पदाला तो लागू होता, पण सुरुवात झाली.

आपल्याकडे परीक्षा आहे, पण परीक्षा घेणारा लोकसेवा आयोग कोण नेमतं? राज्यघटनेच्या कलम ३१६ प्रमाणे राज्यपाल, म्हणजे प्रत्यक्षात सरकार. साधारण निम्मे सदस्य १० वर्षं सरकारी नोकरी केलेले असावेत एवढंच लिहिलंय, बाकीच्यांना कसलीच अट नाही. २०१३ मध्ये पंजाबच्या आयोगाच्या अध्यक्षांची नेमणूक सुप्रीम कोर्टानं टिकू दिली नाही, कारण त्या पदाला लागणारी पात्रता सरकारनं पाहिलीच नव्हती. आपल्या एमपीएससीत २०२१ ला सदस्यांच्याच जागा रिकाम्या होत्या. माझ्याकडे सकाळी सात वाजता पाण्याची बाटली आणि नोट्स घेऊन बसणारी मुलगी रात्री अकराला उठते, गावाकडून दर महिन्याला पैसे येतात त्यावर सगळं चालतं, तिचा इंटरव्ह्यू कोण घेणार हे कोणाच्या तरी शिफारशीवर ठरत असेल तर तिच्यावर फार मोठा अन्याय आहे हो.

म्हणून सरकारनं राज्यपालांकडे नाव पाठवण्याआधी ते जाहीर करावं, त्या व्यक्तीचा अनुभव आणि निवडीचं कारण लेखी द्यावं, आणि जागा रिकामी व्हायच्या तीन महिने आधी ही प्रोसेस सुरू करावी.

एक अभ्यासिका चालक, नवी पेठ, पुणे