ऑफसेटवाल्या काकांना उघडं आभारपत्र

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

बेसबॉलचा एक अख्खा सामना तुम्ही कधी पाहिलेला नाही, हे तुम्हीच सांगता. तरी ऑनलाइन मायनर लीग कार्डं, म्हणजे बेसबॉल खेळाडूंची छापील फोटो-कार्डं, घेणाऱ्या आम्हा मराठी मंडळींचे पैसे आज वाचताहेत ते तुमच्यामुळे. आम्ही खेळाडूचा चेहरा बघत बसायचो. तुम्ही म्हणालात, "चेहरा कुणीही छापेल, छपाई बघा." पत्र उघडं लिहितोय, कारण तुम्ही दाखवलेलं इतरांच्याही उपयोगी पडेल.

छंद नवा असणाऱ्यांसाठी दोन ओळी. मायनर लीग म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या लीगच्या खालच्या पायऱ्या: सिंगल-ए, डबल-ए, ट्रिपल-ए. टीसीएमए, प्रोकार्ड्स, बेस्ट असल्या छोट्या कंपन्या किंवा संघ स्वतःच पंचवीस-तीस कार्डांचा संच काढत. तो मैदानावरच्या दुकानात विकला जाई, नाहीतर वाटला जाई. न्यू जर्सीतल्या आपल्या लोकांनी ब्रिजवॉटरला सॉमरसेट पेट्रियट्सच्या मैदानात असे संच पाहिलेही असतील. प्रती थोड्या, छपाई साधी, आणि अस्सल कार्ड हाताळलेली माणसं मोजकी. नकली माल काढणाऱ्याला आणखी काय हवं? कॅल रिपकेनची 1980 सालची शार्लट ओज संघाची दोन कार्डं घ्या, एक नारिंगी चौकटीचं, पोलिसांच्या नावे निघालेल्या संचातलं, दुसरं निळ्या चौकटीचं, डब्ल्यूबीटीव्ही या टीव्ही वाहिनीचं. खेळाडू पुढे एवढा मोठा झाला की या दोन्हींच्या नकला बाजारात येणं अटळच होतं.

आता तुमचं भिंग. 10 पट मोठं दाखवणारं साधं भिंग पुरतं. अस्सल ऑफसेट कार्डावर, म्हणजे छापखान्यात प्लेटवरून शाईने छापलेल्या कार्डावर, रंगीत फोटो चार शाईंच्या ठिपक्यांचा असतो आणि ते ठिपके फुलासारख्या गोल नक्षीत बसतात. पण खेळाडूचं नाव, संघाचं नाव, मागची आकडेवारी ही काळ्या शाईच्या प्लेटवरून सलग छापलेली असते. अक्षराची कड सुरीने कापल्यासारखी. नकली कार्ड बहुतेकदा स्कॅनवरून निघतं. स्कॅनरला कुठली शाई सलग होती आणि कुठे ठिपके होते हे कळत नाही, तो सगळ्याचंच चित्र करतो. मग अक्षरंही ठिपक्यांत फुटतात आणि काळ्या कडेला निळे-गुलाबी कण दिसतात. इंकजेटवर काढलेलं असेल तर नक्षीच नसते, नुसता शिंतोडा. लेझर असेल तर अक्षराभोवती टोनरची धूळ आणि तिरप्या उजेडात अक्षरांपुरती चमक.

इथे आमची एक चूक तुम्ही वेळीच सुधारलीत. चौकट ठिपक्यांची दिसली की आम्ही कार्ड बाद करत होतो. नारिंगी रंग पिवळ्यावर गुलाबी ठिपके टाकूनही करतात, तेव्हा अस्सल कार्डाची चौकटही ठिपक्यांची असू शकते. म्हणून चौकटीवरून निकाल द्यायचा नाही, अक्षरांवरून द्यायचा.

काळ्या-पांढऱ्या कार्डांत तर काम आणखी सोपं. टीसीएमएच्या 1970 च्या दशकातल्या कित्येक संचांत फोटो एकाच काळ्या शाईत आहेत. भिंगाखाली त्या करड्या रंगात निळा, गुलाबी किंवा पिवळा ठिपका सापडला, की विषय संपला. हाच नियम बॉल्टिमोर न्यूज या वर्तमानपत्राच्या 1914 च्या बेब रूथ कार्डालाही लागतो. पुढे बेसबॉलचा दिग्गज ठरलेला रूथ तेव्हा बॉल्टिमोर ओरिओल्स या मायनर लीग संघात होता. कार्ड लाल किंवा निळ्या अशा एकाच शाईत छापलेलं आहे, मागे सामन्यांचं वेळापत्रक. जगात साधारण दहाच प्रती ठाऊक आहेत आणि त्यातली एक डिसेंबर 2023 मध्ये 72 लाख डॉलरला गेली. 'आजोबांच्या ट्रंकेत सापडलं' म्हणून ते चाळीस डॉलरला कुणी विकत नसतं!

पण काका, सगळ्यात मोठा उपकार म्हणजे जोडकार्डाची युक्ती. महागडं कार्ड घ्यायच्या आधी त्याच संचातलं, त्याच वर्षाचं, कुणी ओळखत नाही अशा खेळाडूचं कार्ड दोन-तीन डॉलरला मागवायचं. दोन-तीन डॉलरच्या कार्डाची नक्कल करून कुणाचं पोट भरत नाही, त्यामुळे ते अस्सल असण्याचीच शक्यता दांडगी. मग दोन्ही शेजारी ठेवायची. आजचं प्रमाण माप 2.5 × 3.5 इंच, म्हणजे 63.5 × 88.9 मिमी, पण छोट्या छापखान्यांची कटिंग डुगडुगती असायची, तेव्हा प्रमाण मापाशी नव्हे, जोडकार्डाशी मापायचं. 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर वजन करायचं; 0.1 ग्रॅमचा फरक आला तरी आम्ही शंका घेतो. मागून मोबाइलचा टॉर्च लावून किती उजेड आरपार येतो ते बघायचं. कागदाची मागची बाजू करडी की पांढरी, तेही.

365 नॅनोमीटरच्या अतिनील टॉर्चबद्दल मात्र जपून. कागद उजळ करणारी रसायनं दुसऱ्या महायुद्धानंतर सर्रास आली. त्यामुळे 1910 च्या ओल्ड मिल सिगारेट कार्डांसारखं जुनं कार्ड अंधारात निळसर-पांढरं चमकलं तर ते नकलीच धरावं. 1980 च्या दशकातलं अस्सल कार्डही चमकू शकतं. तिथेही जोडकार्डच पंच.

हे सगळं कार्ड हातात आल्यावरचं. विकत घेण्याआधी विक्रेत्याकडे काय मागायचं, तेही तुम्हीच सांगितलंत. दोन्ही बाजूंचे 600 डीपीआयचे स्कॅन, कडेचा फोटो, तिरप्या उजेडातला एक फोटो, आणि मोबाइलची लेन्स भिंगाला टेकवून नावावरच्या एका अक्षराचा फोटो. जाहिरातीतल्या फोटोवरून ठिपके मोजू नयेत, कारण साइटवर चढवताना फोटो दाबला जातो आणि ठिपके पुसले जातात. तोच फोटो चित्रशोधात टाकला तर कधी कधी दुसऱ्याच कुणाच्या जुन्या विक्रीत सापडतो. आणि वर्णन शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं: 'आरपी' (रीप्रिंट, म्हणजे पुनर्मुद्रण), 'नॉव्हेल्टी' (शोभेची वस्तू), 'एसीईओ' (कलाकाराने बनवलेलं कार्ड) हे अस्सल नसल्याचे शब्द तिथेच दडलेले असतात. एकाच कार्डाचे दहा नग उपलब्ध असतील, तर पुढे वाचायचीही गरज नाही. संचातली बाकीची कार्डं कुठे आहेत, हा प्रश्नही आम्ही आता विचारतोच.

तपासून, दर्जा ठरवून प्लॅस्टिकच्या डबीत बंद केलेल्या, म्हणजे ग्रेड केलेल्या कार्डांनाही सूट नाही. पीएसए या ग्रेडिंग कंपनीच्या लेबलावरचा नंबर त्यांच्या साइटवर जुळला म्हणून डबी खरी ठरत नाही, कारण खरा नंबर उचलून नकली डबीवर छापता येतो. तिथे जुना फोटो असेल तर चौकटीचं मध्यभागी असणं, कोपऱ्यावरचा डाग, कडेची चीर एकेक करून जुळवायची. आणि 'ब्रोडर' कार्डं वेगळी. ती परवान्याशिवाय छापलेली, नक्कल कशाचीच नाहीत, पण किंमतही फारशी नाही.

पैशाचं एक राहिलं. पेपॅलवर 'फ्रेंड्स अँड फॅमिली'ने पैसे पाठवले की खरेदीचं संरक्षण संपलं, विक्रेता कितीही गोड बोलो. ईबेवर तक्रारीची मुदत पार्सल पोचल्यापासून साधारण 30 दिवस असते. बरेच जण कार्ड अमेरिकेतल्या मावशीच्या पत्त्यावर मागवतात आणि ती दिवाळीला येईपर्यंत पाकीट बंदच राहतं. म्हणून आता मावशीलाच सांगतो: उघड, व्हिडिओ काढ, मागची-पुढची बाजू त्याच दिवशी स्कॅन करून पाठव.

आमच्या प्रत्येक शंकेला तुम्ही भिंगातून काढलेला फोटो आणि त्यावर लाल पेनाचा गोल पाठवत आलात, तेही एक पैसा न घेता. मनापासून आभार.

कळावे, लोभ असावा.

आपले,
कार्डवेडे

ता. क. निळ्या चौकटीच्या रिपकेनच्या एका कार्डाचे स्कॅन सोबत जोडले आहेत. अक्षरं सलग आहेत, पण जोडकार्डापेक्षा हे 0.08 ग्रॅमने हलकं भरतंय. तुमचं काय मत?