‘रुग्णाशी नाते’ या रकान्यात काय लिहायचे?

महोदय,

समलिंगी विवाहाचा विषय निघाला की संस्कृती, परंपरा असे मोठे शब्द येतात. मला मात्र शस्त्रक्रियेचे संमतीपत्र आठवते. ३१ वर्षे मी परिचारिका होते. एका रात्रपाळीला अपेंडिक्स फुटलेला तरुण दाखल झाला. सोबत जोडीदार, सात वर्षे एकाच घरात राहणारा. ‘रुग्णाशी नाते’ या रकान्यापाशी त्याचे पेन थांबले. शेवटी त्याने ‘मित्र’ लिहिले. ती सही चालणार नाही म्हणून गावाहून भाऊ येईपर्यंत सगळे खोळंबले. रुग्ण वाचला, पण ते चार तास मी विसरलेले नाही.

१७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाच्या मान्यतेचा प्रश्न संसदेवर सोपवला. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचार याचिकाही फेटाळल्या. मधल्या काळात, २०२४ मध्ये, केंद्राने समलिंगी जोडप्यांसाठी संयुक्त बँक खाते, नामनिर्देशन आणि रेशनकार्डाबाबत खुलासे केले. चांगलेच झाले. पण परिपत्रकाने वारसाहक्क मिळत नाही, फॅमिली पेन्शनही मिळत नाही.

१९५४ चा विशेष विवाह कायदा जात-धर्म न पाहता लग्ने नोंदवतो. त्यात या जोडप्यांना जागा दिली तर कोणाच्याही मांडवातली मंगलाष्टके थांबणार नाहीत. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये अशाच दुरुस्तीचे खासगी विधेयक लोकसभेत मांडले होते. आता सरकारने स्वतःहून तसे विधेयक आणावे आणि महाराष्ट्रातल्या सर्वपक्षीय खासदारांनी त्यासाठी आग्रह धरावा, ही कळकळीची विनंती.

– एक निवृत्त परिचारिका, सांगली