आंब्यावरची सीतेची वेणी

लीड्स, 21 जून

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. आंब्यावरची सीतेची वेणी यंदाही फुलल्याचा फोटो मिळाला. तिचा बहर चुकण्याचे माझे हे चौथे वर्ष. इथेही सध्या आमरींचाच, म्हणजे ऑर्किडांचाच हंगाम आहे. मात्र इथल्या आमरी झाडावर नव्हे, गवतात उगवतात.

रविवारी एका सहकारी बाईंबरोबर त्या पाहून आले. कुठे, ते मात्र विचारू नका. रानातल्या आमरीचा ठावठिकाणा इथे जिवलगालाही सांगत नाहीत. याला कारण आहे. 'लेडीज स्लिपर' नावाची, पिवळ्या पिशवीसारख्या ओठाची आमरी लोकांनी इतकी खणून नेली की ती इंग्लंडातून नाहीशी झाली असेच सगळे धरून चालले होते. 1930 मध्ये यॉर्कशरमध्ये तिचे एक रोप सापडले आणि ती जागा कित्येक दशके गुप्त ठेवून लोकांनी त्यावर पहारा केला. पुढे लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या शास्त्रज्ञांनी बियांपासून रोपे वाढवली. म्हणून मीही जागा न सांगण्याचा शब्द दिला आहे. आम्ही पाहिली ती 'बी ऑर्किड': गुलाबी पाकळ्यांवर खरीच मधमाशी बसल्यासारखी.

दुपारी दलदलीत दवबिंदू ही किडे खाणारी वनस्पती पाहिली, बाबांनी कासला दाखवलेल्याचाच भाऊबंद. नखाएवढे तांबूस पान, प्रत्येक केसाच्या टोकाला चिकट थेंब आणि त्यात अडकलेले एक चिलट. आम्ही निघेपर्यंत शेजारचे केस त्याच्याकडे वाकू लागले होते. तिथल्या मातीत नायट्रोजन फार कमी, म्हणून हा उद्योग. माझ्या खिडकीतही एक विकतचा दवबिंदू आहे. नळाच्या पाण्यातले क्षार त्याला सोसत नाहीत, म्हणून बशीत पावसाचे पाणी देते.

बाबा, दलदलीत मी एकटी गेले नव्हते, फळ्यांच्या वाटेवरून खाली पाऊलही टाकले नाही. जेवणही वेळेवर होते.

मंगल कार्यालयाच्या अनामत रकमेसाठी 75,000 रुपये पाठवले आहेत. दादाच्या लग्नाला मी नक्की येणार. त्यासाठीच रजा राखली आहे, म्हणून दिवाळीला येणे होणार नाही. आई, कर्वेनगरच्या स्थळाविषयी तेव्हा समोरासमोर बोलू, तोवर कुणाला शब्द देऊ नकोस. बाबांच्या मोतीबिंदूच्या वेळी मी नव्हते, ते मनातून जात नाही. आता त्यांनी शिडीवर चढून वेणीला पाणी घालू नये. पाऊस लागेपर्यंत ते काम दादाने करावे.

तुमची,
मृण्मयी