शंभर मीटर सोडतोय, बंड्या

ब्रिस्टल
रविवार, रात्री उशिरा

प्रिय बंड्या,

सप्रेम नमस्कार.

फोनवर सांगता आलं असतं, पण जमेना. गेल्या तीन वेळा तू "सीझन कसा चाललाय?" म्हणून विचारलंस आणि तिन्ही वेळा मी विषय बदलला. तुझ्या ते लक्षात आलंच असणार, तरी तू खोदून विचारलं नाहीस. म्हणून आज बसून लिहितोय. आईला माहीत आहे, एका घरात राहून तिच्यापासून काय लपवणार? तिच्यानंतर तुलाच.

मी शंभर मीटर सोडतोय.

आता रागावू नकोस, पुढचं वाच. तुला आठवतं, मिरजेत तुझ्या वहीच्या मागच्या पानावर आपण "१०.३०" लिहिलं होतं आणि खाली दोघांनी सह्या केल्या होत्या? माझी आजवरची सगळ्यात चांगली वेळ १०.५८ सेकंद आहे, आणि ती तीन वर्षांपूर्वीची. तेव्हापासून मी पावसात पळालो, थंडीत पळालो, सुरुवात बदलली, मांडीचा स्नायू एकदा फाटला तो भरून आणला. पण काटा तिथंच. दर वेळी पहिले तीस मीटर मी पुढे, चाळीसला बरोबरीत, आणि साठनंतर बाकीचे निघून जातात. मागच्या उन्हाळ्यात एका शर्यतीनंतर इथल्या कोचनी व्हिडिओ लावला, तिसाव्या मीटरवर थांबवला आणि म्हणाले, "इथपर्यंत तुझ्या पुढे कुणी नाही. मग जी शर्यत इथंच संपते, ती का नाही करत?"

ती शर्यत म्हणजे बॉबस्ले. बर्फाच्या नाळेतून खाली जाणारी ती लांबट गाडी, टीव्हीवर पाहिली असशील. पण तुला समजावायला मला टीव्हीची गरज नाही. काकांचा टेम्पो आठव.

पहाटे साडेपाचला सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची पोती न्यायची असायची आणि थंडीत तो टेम्पो सुरू व्हायचा नाही. काका स्टेअरिंगवर, आपण दोघं मागे. बोळाच्या तोंडापाशी उतार लागायचा तिथपर्यंत नुसती ताकद, पाय घसरायचे, टेम्पो हलायचा नाही. मग एकदा चाक फिरलं की तो हलका व्हायचा, आणि उतारावर आपल्यापेक्षा जोरात पळायला लागायचा. काका क्लच सोडायचे, हिसका बसायचा, आणि त्याच क्षणी मागच्या फळीवर उडी मारायची. लवकर मारली तर धक्का कमी पडून इंजिन मरायचं. उशीर झाला तर टेम्पो गेला, आणि आपण घरापर्यंत चालत.

बंड्या, बॉबस्ले म्हणजे हेच. साधारण पन्नास मीटर धक्का द्यायचा, पाचेक सेकंदांत, आणि पळत्या बॉबमध्ये उडी मारून बसायचं. आधी पायलट, मग बाजूचे, शेवटी मागचा, ज्याला ब्रेकमन म्हणतात. त्यानंतर पायलट दोऱ्या ओढून वळवतो, बाकीच्यांनी डोकं गुडघ्यांत घालून गप्प बसायचं. ताशी १३०-१४० किलोमीटरनं बॉब खाली जातो. ब्रेकमन ब्रेक लावतो तो शेवटची रेषा ओलांडल्यावर. वर धक्क्यात गमावलेला सेकंदाचा दहावा भाग खाली पोचेपर्यंत दुपटी-तिपटीनं वाढतो असं इथं सगळे मानतात, आणि म्हणून त्यांना धावपटू हवे असतात. २०१८ ला प्योंगचांगच्या हिवाळी ऑलिम्पिकला दोघांच्या शर्यतीत चार फेऱ्या झाल्यावर कॅनडा आणि जर्मनी दोघांची एकूण वेळ ३ मिनिटं १६.८६ सेकंद भरली. शंभराव्या भागाचाही फरक नाही. दोघांना सुवर्ण.

आपल्यासारखे बरेच जण या वाटेनं गेलेत, हे मला आधी माहीत नव्हतं. अमेरिकेची लॉरिन विल्यम्स, २००५ ची शंभर मीटरची जगज्जेती. २०१४ ला सोचीच्या हिवाळी ऑलिम्पिकला ती दोघींच्या बॉबमध्ये ब्रेकवर होती, रौप्य मिळालं, सुवर्ण फक्त ०.१० सेकंदानं हुकलं. इथला जोएल फिअरन तर २०१६ मध्ये शंभर मीटर ९.९६ पळाला, आणि सोचीत चौघांच्या बॉबमध्येही होता. त्यांचा संघ पाचवा आला होता. पुढे रशियाचे संघ उत्तेजकांच्या प्रकरणात बाद झाले आणि काही वर्षांनी त्यांना कांस्य मिळालं. नायजेरियाची शेउन अडिगुन अडथळ्यांची धावपटू. तिनं ह्यूस्टनमध्ये स्वतः लाकडाचा बॉब ठोकून बनवला, मैत्रिणींना घेऊन त्यावर सराव केला आणि २०१८ ला ऑलिम्पिकला उतरली. आफ्रिकेतून बॉबस्लेत ऑलिम्पिकला गेलेला तो पहिला संघ. त्या लाकडी बॉबचा फोटो मी माझ्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलाय.

सगळ्यात अवघड गेलं ते वजन. चौघांच्या बॉबला माणसांसकट जास्तीत जास्त ६३० किलोची मर्यादा आहे, दोघांच्या बॉबला ३९०. उतारावर जड बॉब चांगला पळतो, म्हणून सगळे त्या आकड्याला भिडायला बघतात. माणसं हलकी असली तर बॉबमध्ये वजनं घालता येतात. पण ती वजनं वर ढकलावी लागतात, ती काही स्वतः पळत नाहीत. म्हणून वजन पळणाऱ्याच्या अंगावर हवं. मी होतो ७६ किलो. दहा वर्षं सगळ्यांनी मला सांगितलं, हलका राहा. आता अंगावर घाल म्हणतात, आणि तेही वेग न घालवता.

आठ महिन्यांत मी ८७ वर आलो. आईनं दवाखान्यातल्या रात्रपाळ्या करून माझे डबे भरले. सकाळी सहा अंडी, दुपारी चार भाकऱ्या आणि कोंबडी, रात्री डाळभात, झोपताना दही. शेंगदाण्याचे लाडू ती दर रविवारी करते आणि डब्यावर तारीख घालते. सुरुवातीला जेवणाचा कंटाळा यायचा, घास गिळवत नसे. ती समोर बसून राहायची, काही बोलायची नाही. जिममध्ये स्क्वॉट १४० किलोवरून १८५ वर गेला. आणि दर शुक्रवारी तीस मीटर पळून वेळ घ्यायची, कारण वजन वाढून वेळही वाढली तर सगळं वाया. दोन शुक्रवार तसं झालंही. त्या रात्री मी झोपलो नाही.

इथल्या बॉबस्ले संघासाठीची चाचणी बाथला होती. ब्रिस्टलहून आगगाडीनं जवळच. खाली सगळं गाव मधाच्या रंगाच्या दगडाचं, आणि वर डोंगरावर विद्यापीठ. तिथं बर्फ नाही. १४० मीटरचा उघड्यावरचा ट्रॅक आहे, रुळांवर चाकांचा बॉब, आधी उतार आणि मग चढ. इंग्लंडमध्ये बर्फाची नाळ कुठंच नाही, धक्का इथं शिकायचा आणि बर्फासाठी परदेशात जायचं. गंमत अशी की बॉबस्लेची शर्यत मुळात सुरू केली ती इंग्रज पाहुण्यांनीच, स्वित्झर्लंडच्या सेंट मॉरिट्झला, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस.

सकाळी धावणं, उभ्यानं लांब उडी, वजनं. त्यात मला काळजी नव्हती. तीस मीटरला मी त्या दिवशीच्या पोरांत दुसरा आलो. दुपारी ट्रॅकवर गेलो आणि तिथं माझं सगळं शिक्षण उलटं झालं.

सर आपल्याला काय ओरडायचे? "हात! हात हलवा, पाय आपोआप येतील!" बॉबच्या मागे हातच नसतात रे. दोन्ही मुठी दांड्यावर आवळलेल्या, कोपरं जवळपास सरळ, खांदे खाली, मान वाकलेली. समोर काही दिसत नाही, फक्त स्वतःचे पाय आणि रूळ. जे काय आहे ते कमरेपासून खाली. पहिल्या वेळी मी ब्लॉकवरून सुटतो तसा सुटलो, कोपरं दुमडली, छाती दांड्यावर आदळली आणि बॉब जागचा हलला तो नुसता हिसका देऊन. दुसऱ्या वेळी हलवला चांगला, उतारावर पाय झपाझप पडायला लागले, आणि मी उडीला उशीर केला. बॉब पुढे, मी मागे. डावी नडगी कडेवर घासली, मोजा रक्तानं भरला. तिथल्या बाईंनी पट्टी बांधली आणि विचारलं, थांबायचंय का? मी नाही म्हणालो.

तिसऱ्या वेळी मी डोळे मिटून बोळ आठवला. खरंच सांगतो. ओला रस्ता, हळदीचा वास, तू डावीकडे. टेम्पोला आपण कधी हिसका देत नसू. आधी अंगाचा भार लावायचो, मग सगळं एकदम. तसाच भार लावला, आणि बॉब माझ्या हातात असा आला की जणू तो माझीच वाट बघत होता. सात-आठ पावलांनंतर तो हलका झाला. मग एक क्षण येतो, तुला ठाऊक आहे तो, आपण ढकलतोय की तो ओढतोय हे कळेनासं होतं. तिथंच उडी मारली. चढावर बॉब थांबला तेव्हा माझे हात दांड्यावरून सुटत नव्हते.

शेवटी जोडीनं ढकलायला लावलं. माझ्याबरोबर वेल्समधला एक रग्बीचा गडी, माझ्या दीडपट. तो पुढे, मी मागे. मोजणी झाली, दोघांचा श्वास एकदम सुटला आणि दोन्ही पावलं एका आवाजात पडली. बंड्या, दहा वर्षं मी माझ्या एकट्याच्या पट्ट्यात पळालो. शेजारचा माणूस म्हणजे हरवायचा माणूस. त्या चार-पाच सेकंदांत मला पहिल्यांदा असं वाटलं की शेजारच्याचं पाऊल जोरात पडावं. मला हे किती दिवस हवं होतं ते तेव्हा कळलं.

निकाल सांगतो. निवड झालेली नाही. वेग आणि उडी चांगली म्हणाले, धक्का कच्चा आहे पण शिकेल, वजन अजून पाच-सहा किलो हवं. मार्चमध्ये परत ये, तोपर्यंत शनिवारी सरावाला ये. म्हणजे उन्हाळ्याच्या शर्यतींची तयारी नाही, म्हणजे शंभर मीटर नाही. परत येताना गाडीत मी हे ठरवलं आणि मला रडू आलं. कारण त्या वहीवर तुझीही सही आहे. तुझा गुडघा गेला तेव्हा तू स्पाइक्स मला दिलेस आणि स्टॉपवॉच स्वतःकडे ठेवलंस. १०.३० माझ्या एकट्याचं नव्हतं.

तू विचारशील, भारताकडून का नाही. मीही विचार केला. मनालीजवळच्या वशिष्ठचा शिवा केशवन १९९८ ते २०१८ सहा हिवाळी ऑलिम्पिक ल्यूजमध्ये उतरला, म्हणजे छोट्या घसरगाडीवर पाठीवर झोपून नाळेतून खाली जायचं. बर्फाची नाळ नाही म्हणून चाकं लावून घाटरस्त्यांवर सराव करायचा. त्याच्यापुढे मी मान झुकवतो. पण ल्यूजवर तो एकटाच असायचा. बॉबला पायलट लागतो, आणि तो घडायला बर्फावर वर्षं जातात. मी धक्का देणारा. जिथं पायलट आहे तिथंच माझा उपयोग. तेराव्या वर्षी आई मला इथं घेऊन आली, पासपोर्टही इथलाच आहे. हे लिहिताना हात जड होतोय, पण तुझ्याशी खोटं बोलणार नाही.

तुझ्या शाळेतल्या पोरांचं काय चाललंय? ती लांब पायांची सातवीतली मुलगी अजून पळते का? तिला सुरुवातीला घाई करू देऊ नकोस. काकांना आणि काकूंना नमस्कार. काकांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का ते कळव.

तुझा,
पिंट्या

ता. क. तुझं ते निळं स्टॉपवॉच चालू असेल तर त्यात सेल घालून ठेव. इथं यंत्र वेळ सांगतं, पण दर शुक्रवारच्या तीस मीटरचा व्हिडिओ मी तुला पाठवणार आहे, आणि अंगठा तुझाच हवा. आणि टेम्पो विकला नसेल तर मागच्या फळीचा एक फोटो पाठव, आपण हात धरायचो त्या बाजूनं.