गोंगाट ऐकू येतो, खोली कुणी बघत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका काकांचं पत्र आलं होतं. विद्यापीठाच्या मुलींच्या होस्टेलला लागून त्यांचं घर आहे, रात्री बारा-साडेबारापर्यंत आरडाओरडा चालतो, फोनवर मोठमोठ्याने बोलणं चालतं, घरी काही वळण लावलंय की नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. आमच्याच होस्टेलबद्दल होतं की दुसऱ्या कुठल्या माहीत नाही, त्यांनी नाव घेतलं नव्हतं आणि मीही घेत नाही. पण ते पान आमच्या मेसमध्ये टेबलाटेबलावरून फिरलं आणि फर्स्ट इयरची एक मुलगी "वळण" हा शब्द वाचून ताटावरून उठली, म्हणून लिहायला बसले.

आधी सांगते की काकांचा त्रास खरा आहे. आवाज होतो. मी दोन वर्षं त्याच आवाजात एमएस्सी करतेय, त्यामुळे होत नाही असं म्हणणारच नाही. पण तो का होतो आणि नेमका त्याच वेळेला का होतो हे आत राहिल्याशिवाय कळत नाही, ते सांगायचंय.

आमची खोली दोघींसाठी बांधलेली आहे. भिंतीतली कपाटं दोन, टेबलं दोन, प्लगचा बोर्ड एक. त्यात तीन कॉट टाकल्यात आणि चौथी मुलगी खाली गादी टाकून झोपते कारण तिचं नाव होस्टेलच्या लिस्टमध्ये लागलं नाही. बाहेर रूम घ्यायची तर डिपॉझिट आधी मोजावं लागतं. होस्टेलला नंबर न लागलेल्या अनुसूचित जातीच्या मुलामुलींसाठी सरकारची स्वाधार योजना आहे, त्यात मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत मिळतात, तिने फॉर्म भरलाय, पण तो मंजूर होऊन पैसे खात्यावर येईपर्यंत राहायचं कुठं, म्हणून ती आमच्यात आहे. तिला बाहेर काढा असं आम्ही तिघींपैकी कुणीच म्हणणार नाही. चौघींत अभ्यासाला दोन टेबलं, म्हणजे दोघी कॉटवर मांडीवर वही घेऊन. अशा पन्नास-साठ मुली एका विंगमध्ये.

आता टायमिंग बघा. मुलींना इन-टाइम रात्री साडेआठचा. लायब्ररी दहापर्यंत उघडी असते पण आम्हाला सव्वाआठलाच उठावं लागतं, नाहीतर गेटवर लेट एंट्री होते आणि तीन लेट एंट्र्या झाल्या की घरी फोन जातो. मेस साडेसात ते नऊ. मग साडेआठला सगळ्या एकदम आत येतात, ताटं घ्यायला रांग, नंतर बेसिनला रांग, बादल्या घेऊन नळाला रांग, आणि घरून फोन पण त्याच वेळेला येतात कारण आईची भांडीधुणी उरकून ती नऊ-साडेनऊलाच मोकळी होते. खोलीत कुणीतरी वाचत बसलेलं असतं म्हणून फोन घेऊन गॅलरीत यावं लागतं. एका गॅलरीत पंधरा जणी पंधरा गावांशी बोलतायत, गावाकडं रेंज नाही, आजीला ऐकू कमी येतं, आवाज चढणार नाही तर काय होईल. साठ माणसं एकाच वेळी एकाच पॅसेजमध्ये आणून सोडली की तो आवाज होतोच, तिथं वळणाचा प्रश्न कुठून आला. रीडिंग रूम आहे, ग्राउंड फ्लोअरला, चांगली वीस खुर्च्यांची. तिला नऊ वाजता कुलूप लागतं. का, तर वॉचमन मामांना राऊंड मारायला अवघड जातं. आता सांगा.

काकांनी लिहिलेला रात्रीचा "सामान ओढल्याचा" आवाज, त्याबद्दल मला मुद्दाम सांगायचंय. आमच्या वरच्या खोलीतून रोज रात्री एकच्या सुमाराला कॉट ओढल्याचा आवाज यायचा. लोखंडी कॉट, फरशीवर, कर्रर्र करत, पूर्ण खोलीभर. दोन महिने मी उशीत डोकं खुपसून काढले, वॉर्डन मॅडमकडे तोंडी तक्रारही केली. सेमिस्टरच्या आदल्या आठवड्यात एक दिवस सहन झालं नाही म्हणून तावातावाने वर गेले. दार उघडलं तर ती मुलगी कॉटचं एक टोक धरून उभी, दुसरं टोक भिंतीला अडकलेलं, अंगावर स्वेटर, आणि छताच्या कोपऱ्यातून पाणी ठिपकतंय. नळाला पाणी रात्रीचं सुटतं, एक वाजता मोटर चालू होते, गच्चीवरची टाकी भरून वाहते कारण तिचा बॉल व्हॉल्व्ह बिघडलाय, आणि ते पाणी स्लॅबमधून बरोबर तिच्या उशीवर येतं. म्हणून ती रोज एकला उठून कॉट दारापर्यंत ओढायची आणि सकाळी परत जागेवर न्यायची, कारण दारात कॉट असली की पार्टनरला बाहेर पडता येत नाही. तक्रार वहीत तिच्या अक्षरात सात एंट्र्या होत्या. मी तिला भांडायला गेले होते आणि दोघींनी मिळून कॉट उचलून ठेवली. त्या रात्रीपासून आवाज बंद झाला, कारण उचलायला दोघी लागतात आणि मी जायला लागले. व्हॉल्व्ह अजून तसाच आहे.

मेसचं पण याच्याशी नातं आहे, ते लोकांना लांबचं वाटेल पण आहे. मेस आम्हाला कंपल्सरी, महिन्याला २,९०० रुपये. खाडा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा, पाहिजे असेल तर सलग चार दिवसांचा आणि दोन दिवस आधी वहीत लिहून, त्यामुळे तापाने दोन दिवस झोपलेल्या मुलीला खाडा मिळत नाही, जेवण जातं आणि पैसेही जातात. चपात्या सकाळी आठलाच लाटून होतात आणि मोठ्या स्टीलच्या डब्यात फडक्याखाली ठेवतात. एक वाजता लेक्चर संपवून या, वरच्या पाच-दहा पापडासारख्या कडक झालेल्या आणि खालच्या वाफेने भिजून एकमेकींना चिकटलेल्या. म्हणून प्रत्येक जण हात घालून मधल्या चपात्या शोधते. अनोळखी पन्नास हात त्या डब्यात जातात. आमटीत डाळ खाली राहते आणि वरचं पाणी वाढलं जातं, आणि रविवारी फीस्ट म्हणून दोन गुलाबजाम आले की आठवडाभराचं सगळं विसरावं असं कॉन्ट्रॅक्टरला वाटतं. मेसच्या मावशींचा यात काही दोष नाही, तिघीजणी दोनशे मुलींचं करतात, त्यांच्या मनगटांना पट्टे बांधलेले असतात.

असं नऊच्या आत अर्धपोटी जेवलेली मुलगी अकराला परत भुकेजते. कॅन्टीन बंद, गेट बंद. मग कुणीतरी केटल लावते, कुणी लपवून आणलेली कॉइल, मॅगी टाकते, एका प्लगवर एक्स्टेन्शन, त्यावर चार चार्जर आणि ती केटल, आणि फट्‌कन पूर्ण विंगचा एमसीबी, म्हणजे लोड वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, पडतो. अंधार झाला की साठ मुली एकदम ओरडतात. तो आवाज मी स्वतः कॅम्पसच्या रस्त्यावर उभं राहून ऐकलाय, कुठल्यातरी मोठ्या सभेसारखा वाटतो. काका, तुम्ही लिहिलेला "आरडाओरडा" बहुतेक तोच आहे. केटल बंदीचं सर्क्युलर दर टर्मला निघतं. जेवणाची वेळ नऊच्या पुढं न्या असं तीनदा लिहून दिलं, त्याचं काही झालं नाही.

आता मी फक्त रडगाणं गातेय असं होऊ नये म्हणून मागच्या वर्षीचं सांगते. जुना मेसवाला मधेच सोडून गेला आणि नवीन टेंडर निघेपर्यंत तीन महिने रेक्टर मॅडमनी मेस आमच्या कमिटीकडे दिली. आम्ही सहा जणी. सकाळी पाचला दोघी मार्केट यार्डात जायच्या मावशींबरोबर, भाजी तिथं पोत्याने घेतली की केवढा फरक पडतो हे तेव्हा कळलं. चपात्या दोन घाण्यात करायच्या ठरल्या, अकराला अर्ध्या आणि साडेबाराला अर्ध्या, आणि लाटायला रोज चार मुली मदतीला जायच्या, पाळीपाळीने. रात्री साडेनऊपर्यंत गरम आमटी-भात. महिन्याचा हिशोब नोटीस बोर्डावर, तेलाच्या डब्यापासून गॅसपर्यंत. उष्ट्याची दोन पिंपं रोज भरायची ती एकावर आली, पुढं तेही पूर्ण भरत नव्हतं. आणि अकरानंतर केटल लावणाऱ्या खोल्या कमी झाल्या, एमसीबी त्या तीन महिन्यांत मला आठवतं तसा दोनदाच पडला. दहानंतर गॅलरीत फोन नाही, फोन खालच्या पार्किंगच्या शेडमध्ये, हा नियमही आम्हीच केला आणि आमच्याच मुलींनी पाळला, वॉर्डनच्या शिट्टीने कधी पाळला नव्हता. मग टेंडर निघालं, नवीन कॉन्ट्रॅक्टर आला आणि कमिटी बंद. एकही मीटिंग न होता.

मी घरी हे सांगत होते तेव्हा आजोबा हसले. आम्ही आटपाडीकडचे, आजोबा ऐन दुष्काळातून बाहेर पडून रयत शिक्षण संस्थेच्या बोर्डिंगमध्ये राहून शिकले. त्यांच्याकडं घरून शिधा यायचा, भाकरी थापायच्या पाळ्या असायच्या, झाडलोट, पाणी, बागेतलं काम सगळं पोरांकडं, आणि कोठीची किल्ली मोठ्या वर्गातल्या मुलाकडं. ते म्हणाले, "तुम्ही तीन महिने केलंत ते आम्ही सहा वर्षं केलं." आपल्याकडं वसतिगृह ही काय साधी गोष्ट होती का? शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं, पुढं जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाच्या मुलांसाठी बोर्डिंगं होत गेली, १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग झालं. रयत काढणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९२४ ला साताऱ्यात सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणली, १९२७ ला गांधीजींच्या हस्ते त्या बोर्डिंगला शाहू महाराजांचं नाव दिलं, आणि त्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचं सोनं, शेवटी मंगळसूत्रसुद्धा काढून दिलं. एका पंगतीत बसून जेवणं हेच तिथं शिक्षण होतं. पुण्यात विद्यार्थी सहाय्यक समिती १९५५ पासून खेड्यातल्या विद्यार्थ्यांना ठेवून घेते, तिथंही मुलं स्वतः कामं करतात. आयआयटीसारख्या ठिकाणी मेस बघायला मुलांमधूनच माणसं निवडतात. मग आमच्यावरच विश्वास का नाही? एमएस्सीच्या मुलीला लॅबमध्ये सल्फ्युरिक ॲसिड हाताळायला देता आणि रीडिंग रूमची किल्ली देत नाही, हे मला खरंच समजत नाही.

कायद्याचं पण बोलते, कारण काकांनी कायद्याचं नाव काढलं होतं. २००० सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम मी वाचलेत. रात्रीची वेळ १० ते सकाळी ६, त्यात लाउडस्पीकर नाही, रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. हा नियम आम्हालाही लागू आहे आणि आम्ही मानतो, बर्थडेला ब्लूटूथ स्पीकर लावणाऱ्या मुलींना आम्ही स्वतः जाऊन बंद करायला लावलाय, त्यावरून भांडणंही झालीत. पण होस्टेलच्या मागच्या बाजूला लग्नाचं लॉन आहे, तिथला डीजे सीझनमध्ये साडेअकरापर्यंत वाजतो, खिडकीची काच थरथरते, उद्या पेपर असलेली मुलगी कानात कापूस घालून बसते. आम्ही ११२ ला फोन केलेत. गाडी येते, आवाज कमी होतो, गाडी गेली की परत सुरू. ते लॉन काकांच्या घरालाही तेवढंच जवळ असणार, त्यांनी आमच्याबरोबर एक तक्रार अर्ज केला तर त्याला जास्त वजन येईल. मुलींच्या अर्जाला "तुम्ही चार दिवसांच्या पाहुण्या" असं उत्तर मिळतं.

आम्ही मागतोय ते फार नाही. रीडिंग रूम रात्री एकपर्यंत उघडी ठेवा, किल्ली आणि रजिस्टर आमच्याकडं द्या, काही तुटलंफुटलं तर आमच्याकडून भरून घ्या. रात्रीच्या जेवणाची वेळ साडेनऊपर्यंत. मेस कमिटी परत, कॉन्ट्रॅक्टर कुणीही असो, हिशोब बोर्डावर लागला पाहिजे आणि आजारी मुलीला एका दिवसाचाही खाडा मिळाला पाहिजे. इन-टाइम लायब्ररीच्या वेळेशी जुळवा म्हणजे साठ मुली एकदम नळावर येणार नाहीत. आणि तो टाकीचा व्हॉल्व्ह, तो तर प्लंबरचं एका तासाचं काम आहे.

या मागण्यांचा अर्ज १४२ मुलींच्या सह्यांनी सोमवारी पुन्हा दिलाय, आवक नंबर घेऊन ठेवलाय. पहिल्या वेळी नंबर न घेता दिला होता, तो "सापडत नाही" म्हणाले. काकांनी हे पत्र वाचलं तर त्यांनी रविवारी दुपारी साडेबाराला मेसमध्ये जेवायला यावं, गेस्ट कूपन आम्ही काढून ठेवू. मधल्या चपात्या त्यांना मिळतील हे मी बघते.

आपली,
एक होस्टेलवासी विद्यार्थिनी
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे)