पट्टी बांधलेला पाय

सांगली, रविवार रात्र

चि. सायली,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवून दिलास. "आण्णा, हे तुमचं झेडपीचं ऑफिस नाही," म्हणालीस, ते खरंच आहे. म्हणून या पत्रात लेखी-बिखी, पोच-बिच काही काढायचं नाही असं तुझ्या आईला कबूल करून बसलोय. ती समोर शेंगा सोलतीय आणि मी काय लिहितोय त्यावर नजर ठेवून आहे.

आपल्या मंडळाचा विकी तिथे कबड्डीच्या कॅम्पवर तुझ्या हाताखाली आहे, आणि डाव्या गुडघ्याच्या लिगामेंटच्या ऑपरेशननंतर फिजिओ म्हणून तू त्याला अजून खेळू देत नाहीस, त्यावरूनच हे सगळं. गुरुवारी रात्री जे झालं ते तुला चार तोंडांतून कळण्याआधी माझ्याकडून कळावं. मंडळाचे अध्यक्ष घरी आले होते. बरोबर विकीचे वडील, आमच्या जुन्या संघातला दत्ता आणि आणखी एक जण. चहा झाला, पावसापाण्याच्या गप्पा झाल्या, मग अध्यक्ष मुद्द्यावर आले. "आण्णा, पोरगी तुमची, पोरगा आपला. मार्चची स्पर्धा हुकली तर त्याचं वर्ष गेलं. सायलीताईंना जरा सांगा की." मी म्हटलं, मी सांगणार नाही. एकदम तोंडातून गेलं. नंतर कपबशा आत नेताना हात थरथरत होता, ते आईने पाहिलंय.

त्यांचं सगळंच चुकीचं आहे असं मात्र मी म्हणणार नाही. विकीच्या वडिलांचा जन्म कारखान्याच्या गाळप हंगामात गेला. घरात पगाराची नोकरी कुणाला नाही. खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे आणि स्पर्धेचं सर्टिफिकेट म्हणजे त्यांना पोलीस भरतीचं दार दिसतं. तू पोराला थांबवतेस तेव्हा ते दार लोटतेस असं त्यांना वाटणारच. हे तुला ठाऊक आहे, तरी लिहिलं.

अध्यक्षांनी मोबाइलवर कुस्तीतली विनेश फोगाट काढून दाखवली. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत गुडघ्याचं ऑपरेशन, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये जयपूरच्या राष्ट्रीय स्पर्धेत सुवर्ण. पुरते सहा महिनेही नाहीत. पुढे पॅरिस ऑलिम्पिकला तिने जपानच्या सुसाकीला पाडलं, जी तोवर आंतरराष्ट्रीय मॅटवर कुणाला हरली नव्हती. (शंभर ग्रॅमचं जे झालं ते वजनाचं. गुडघ्याने दगा दिला नाही.) आता याला काय उत्तर द्यायचं? मी नीरज चोप्रा पुढे केला. मे २०१९ मध्ये कोपराचं ऑपरेशन, दोह्याची जागतिक स्पर्धा सोडली, आणि जानेवारी २०२० मध्ये दक्षिण आफ्रिकेत परतला तो ८७.८६ मीटर फेकून, ऑलिम्पिकची पात्रता खिशात घालूनच. अध्यक्ष म्हणाले, "आण्णा, कोपर आणि गुडघा एक असतोय व्हय?" गप्प बसावं लागलं. मग तुझंच एक बोलणं आठवलं, की महिने मोजून भागत नाही, पाय मोजावा लागतो. विनेशचा तेव्हा कुणी मोजला असेल. याचा तू मोजलायस.

आकडे मी काढले नाहीत. तू मला ते कधी सांगितलेच नाहीस. दिवाळीत विचारलं तर "ते पेशंटचं आहे आण्णा, माझं नाही" म्हणून विषय बदललास. तेव्हा थोडं लागलं होतं, आता बरं वाटतं. कागद काढला तो विकीच्या वडिलांनी खिशातून. एका पायावरची उडी: उजवा १६२ सेंटिमीटर, डावा १२४. अध्यक्ष म्हणाले, दीड वितीचा तर फरक. मी तिथंच पेन घेऊन भागाकार केला. शंभराला साडेशहात्तर. "ती नव्वद मागतीय," म्हटलं, "आणि या एकाच उडीत नाही. तीन उड्या सलग, रेषेच्या अल्याड-पल्याड उड्या, सहा मीटर एका पायावर किती सेकंदांत, आणि मांडीची ताकद वेगळी."

तू मागे समजावून सांगितलेलं माझ्या डायरीत आहे, ते वाचून दाखवलं. ओस्लो आणि डेलावेअरचा तो २०१६ चा अभ्यास: नऊ महिन्यांपर्यंत परतणं जितकं लांबवाल, तितका दर महिन्याला पुन्हा दुखापत होण्याचा धोका साधारण निम्मा होत जातो. चाचण्या पास न होता जे खेळायला उतरले त्यांच्यातल्या शंभरांत अडतीस जणांचा गुडघा परत गेला, पास झालेल्यांत शंभरी सहासुद्धा नाहीत. आणि मांडीमागची शीर (टेंडन) काढून लिगामेंटच्या जागी आत बसवली की ती आधी कमजोर होते, मग सावकाश लिगामेंटसारखी होत जाते. दुखणं मात्र त्याच्या कितीतरी आधी थांबतं आणि पोराला वाटतं, झालं की बरं. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही कधीपासून डॉक्टर?" सगळे हसले. विकीचे वडील हसले नाहीत.

दत्ताही नाही. तुला दत्ताकाका म्हणजे जत्रेत फुगे घेऊन देणारा एवढंच आठवत असेल. आमच्या संघाची निम्मी चढाई तो एकटा करायचा. त्याचा गुडघा सुजला तेव्हा फिजिओ हा शब्द आम्ही ऐकला नव्हता. आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज, आणि सेमीफायनलनंतर एका डॉक्टरने सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं. संध्याकाळी फायनल. जिंकलो आम्ही. कपाटावरची ढाल तीच. दत्ता त्यानंतर खेळला नाही. गुरुवारी तो तासभर बसला आणि एक शब्द बोलला नाही. निघताना आपला जिना उतरला तो असा: एक पाय खाली, मग त्याच पायरीवर दुसरा, मग पुढची पायरी. अध्यक्ष गाडी काढायला पुढे गेले होते. विकीचे वडील खाली उभं राहून दत्ताचं उतरणं पाहत होते.

आता एक गोष्ट, जी तुझ्या पुस्तकात असेल की नाही माहीत नाही. मी डाव्या कोपऱ्यात उभा राहायचो. चढाईवाला आत आला की आम्ही त्याच्या तोंडाकडे बघत नसू, पायांकडे बघायचो. ज्या पायाला पट्टी, तो आपला. त्यात कुणाला दुष्टावा वाटायचा नाही, खेळच तसा आहे. मागच्या आठवड्यात विकी गावी आला होता, पोरांच्या आग्रहावरून मंडळाच्या मैदानावर मोकळ्या दोन-चार चढाया करून दाखवल्या. टाळ्या पडल्या. मी कडेला बसून बघत होतो. बोनसला दर वेळी उजवाच पाय, वळताना सगळा भार उजव्यावर, आणि डावा नुसता मागून येतो. त्याला स्वतःला ते कळत नाही. समोरच्या कोपऱ्याला दहा सेकंदांत कळेल, आणि चढाई तीस सेकंदांची असते. घोटा सापडला की अंगावर एक माणूस येत नाही, चार येतात.

म्हणून विचारतो, तुझ्या चाचण्यांत पकड असते का? उडी पोरगा एकटा मारतो, त्याला कुणी धरलेलं नसतं. आधी रिकाम्या मॅटवर चढाई, मग एकट्या कोपऱ्याला सांगून घोटा धरायला लाव, मग साखळी, मग पुरते सात. आणि ताज्या पायावर बघू नकोस, दमवून बघ; शेवटच्या पाच मिनिटांत जो पाय उरतो तो खरा पाय. मातीवर पाय सरकायचा, मॅटवर बूट धरून ठेवतो आणि वरचं अंग वळतं, तेव्हा मॅटवरचं मॅटवरच तपास...

हे काय चाललंय माझं. एम.पी.टी. तू केलंस, मी बी.कॉम. आहे. सोडून दे. पण पकडीचं बघ.

आई म्हणते, तिला जेवलीस का विचारा. जेवतेस ना? तिथे कॅम्पवर सगळे प्रशिक्षक एका टेबलावर आणि तू वेगळी, असं तू बोलता बोलता म्हणालीस आणि लगेच दुसरं काही काढलंस. हे या भांडणाच्या आधीपासून आहे की आता सुरू झालंय? मला सारखं तेच डोक्यात येतं. उद्या ते कुठल्या तरी डॉक्टरकडून फिट असल्याचा कागद आणतील, पोराला उतरवतील, गुडघा जाईल, आणि बोट दाखवायला टेबलावर एकटी बसलेली मुलगी सापडेल. "सहा महिने व्यायाम तर ताईच घेत होत्या." आमच्या ऑफिसात शेजारच्या टेबलावर एक जण होता, साहेबांच्या तोंडी आदेशावर बिलं काढली, निवृत्तीच्या तोंडावर चौकशी लागली. साहेब म्हणाले, मी असं बोललोच नव्हतो. तेव्हा तू नाही म्हणालीस ते कुठे उतरलंय? तारखेसकट? व्हॉट्सअॅपवर म्हणालीस तर तेही चालेल, पण त्या ग्रुपवरचं कोण कधी पुसून टाकेल...

आईने आत्ता वर बघितलं. थांबतो.

खरं तर लिहायचं होतं ते वेगळंच. तू फिजिओथेरपीला गेलीस तेव्हा मोठ्या काकूने भर लग्नात विचारलं होतं, "म्हणजे मालिशच ना गं?" तू हसून "हो, तुमच्यापासून सुरू करू?" म्हणालीस. मला तसं बोलता आलं नसतं. माझा गुडघा धरला तेव्हा गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायला लावायचीस, पायाला वाळूची पिशवी बांधून दहा मोजायला लावायचीस आणि स्वयंपाकघरातून ओरडायचीस, "आण्णा, खोटं मोजू नका!" आज मी गणपती मंदिरापर्यंत जाऊन येतो तो त्या टॉवेलमुळे. आणि गेल्या वर्षीचा तो सामना, जो टीव्हीवर होता. पोरगा डोक्यावर आपटला, तू बॅग घेऊन धावलीस, बोटं दाखवलीस, काहीतरी विचारलंस आणि त्याला बाहेर घेऊन आलीस. प्रशिक्षक मागून हातवारे करत होते, तू मान वळवली नाहीस. मंडळात सगळे मिळून बघत होते. कुणी काही बोललं नाही, मीही नाही. घरी येऊन आईला दोनदा सांगितलं.

भडंगाचं पार्सल उद्या निघेल. डब्याखाली एक डुप्लिकेट बुक ठेवलंय, कार्बनसकट. वापरायचं तर वापर, नाहीतर किराणा लिहायला होईल.

मंगळवारी मंडळाची बैठक आहे असं ऐकलं. मला निरोप नाही. खजिनदार मी आहे आणि वह्या माझ्या घरात आहेत, त्यामुळे आज ना उद्या येतील. तू त्याची काळजी करू नकोस, आणि माझ्यासाठी म्हणून तर मुळीच काही बदलू नकोस. बदलशील असं वाटत नाही, तरी लिहून ठेवतो.

एवढं कर. अध्यक्षांशी बोलू नकोस, विकीच्या वडिलांना स्वतः फोन कर. ते माणूस ऐकणारं आहे, आणि त्या रात्रीपासून ऐकायच्या मनःस्थितीत असणार. त्यांना सांग की जूनमध्ये नऊ महिने होतात, तेव्हा परत मोजू, आणि कमी पडला तर तेव्हाही थांबवीन. भरतीचं वय त्याचं अजून चार वर्षं आहे, मी जाहिरात काढून पाहिलंय, ते मी सांगतो. तोवर तो गावी येईल तेव्हा मैदान संध्याकाळी सहानंतर त्याच्यासाठी मोकळं ठेवतो, चावी अजून माझ्याकडेच आहे. डाव्या पायाचं काय काय आणि किती वेळा करून घ्यायचं ते मला लिहून पाठव. समोर उभा राहून मोजतो.

तुझे
आण्णा