आशाताई, तुम्ही आधी बाळ कुठे झोपतं ते विचारलंत

आशाताई, नमस्कार.

समोर बसून हे बोलता आलं नसतं, घरात सासूबाई असतात. म्हणून लिहितेय. यांना वाचून दाखवलंय. ‘टाक,’ म्हणाले.

श्रावणात बाळ झालं. आम्ही दवाखान्यातून घरी आलो आणि आशा सेविका म्हणून तुम्ही पहिल्या भेटीला आलात. झोळीत घालून वजन केलंत, काखेत थर्मामीटर लावलात आणि मग विचारलंत, “रात्री बाळ कुठे झोपतं? बाजूला कोण असतं?” सिडकोतलं आमचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. पलंग एकच. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला हे. “ते घेतात का?” दूध पिशवीचं घेता की सुट्टं, असं विचारावं तितक्या सहज विचारलंत. माझ्या तोंडून ‘हो’ निघून गेलं. तोवर माहेरीसुद्धा कुणाला सांगितलं नव्हतं.

यांची अंबडला सेकंड शिफ्ट. सुटल्यावर क्वार्टर मारूनच घरी यायचे. भांडण नाही, मारझोड नाही. यायचे, हातपाय धुवायचे आणि बाळाला कुशीत घेऊन आडवे व्हायचे. बघणारा म्हणायचा, बापाचा किती जीव आहे! तुम्ही मात्र वहीतून मान वर करून माझ्याकडे बघितलंत. प्यायलेल्या माणसाची झोप जड असते, त्याचा हात बाळाच्या तोंडावर पडला तरी त्याला कळत नाही. एवढ्याशा बाळाला मान वळवून नाक मोकळं करता येत नाही, आणि त्याच्या रडण्याचा आवाजही बाहेर येत नाही. त्या रात्री मी बसूनच होते.

पुढच्या वेळी तुम्ही मुद्दाम सकाळी आलात, हे घरी असताना. मला चहा टाकायला आत पाठवलंत. पण एवढ्याशा घरात सगळंच ऐकू येतं. “दादा, सोडा म्हणायला मी आलेली नाही. ज्या रात्री घेतलीत त्या रात्री पलंगावर झोपायचं नाही. स्वयंपाकघरात सतरंजी टाकायची. बाळाला उचलायचं नाही, मांडीवर घेऊन खुर्चीत बसायचं नाही. एवढं जमेल?” हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, जमेल. आणि खरंच जमवलं. चहा तेवढा तुम्ही घेतला नाहीत.

तोपर्यंत उपदेश कमी झाले होते का? चुलत सासऱ्यांनी माळ घालायला सांगितलं. जाऊबाईंनी ‘पिणाऱ्याच्या नकळत दारू सोडवा’ या जाहिरातीतली पुडी आणून दिली, भाजीत मिसळायला. ती तुम्ही मोरीत ओतायला लावलीत. असल्या पुडीत काय असतं ते कळायला मार्ग नाही. दारू सोडवायची एक गोळी अशी असते की तिच्यावर प्यायलं तर उलट्या होतात, रक्तदाब खाली जातो, माणूस दगावूही शकतो. ती डॉक्टरच देतात, आणि तीही पेशंटला सांगून. भाजीत लपवून नाही.

मामांचं तर विचारू नका. किराणा मालाच्या मोठ्या दुकानांत वाइन विकू द्यायची की नाही यावर 2022 साली राज्यभर वाद झाला, तेव्हापासून ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ हे त्यांना पाठच झालंय. ते दिंडोरीहून लाल वाइनची बाटली घेऊन मला बघायला आले. बाळंतिणीचं रक्त वाढतं म्हणे! नाशकात द्राक्षाचं नाव घेतलं की सगळं पवित्र होतं. तुम्ही सरळ हिशेब सांगितलात: आईच्या रक्तात जेवढी दारू, साधारण तेवढीच दुधात. दूध पिळून टाकल्याने ती लवकर उतरत नाही. एका ग्लासाला दोन-तीन तास जातातच. म्हणून अंगावर पाजतेय तोवर नकोच. सर्दीला बाळाच्या जिभेवर ब्रँडीचा थेंब द्यायचा सासूबाईंचा उपायही तुम्हीच थांबवलात. बाळाची साखर उतरू शकते, हे ऐकून त्यासुद्धा घाबरल्या. मिश्री मात्र त्यांनी सोडली नाही. फक्त मला देणं सोडलं.

बारशाच्या दिवशी यांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हात इतके थरथरायला लागले की शर्टाची बटणं लागेनात. घामाने बनियन भिजलेलं. घरचे म्हणाले, नाटकं करतोय, कोंडून ठेवा. मी तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणालात, रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. आत्ताच्या आत्ता सरकारी दवाखान्यात न्या. तिथल्या डॉक्टरांनी ठेवून घेतलं, थरथर उतरायच्या गोळ्या आणि बी-1 जीवनसत्त्व दिलं. शपथेपेक्षा त्या गोळ्यांवर माझा जास्त विश्वास बसला. खोटं कशाला बोलू?

आता हे एए च्या, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जातात. सुट्टी असली तर नक्की, नसली तर कधी जमतं, कधी नाही. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर तुम्ही बाळाच्या लसीच्या कार्डामागे लिहून दिला होतात, तो मी शेजारच्या दोघींना दिलाय.

सरकारच्या कागदावर तुम्ही स्वयंसेविका. पगार नाही, कामाचा मोबदला. बाळाच्या तिसऱ्या दिवसापासून 42 व्या दिवसापर्यंतच्या सगळ्या घरभेटींचे मिळून 250 रुपये ठरलेले, तेही वेळेवर येतील तेव्हा खरे. तुमच्या मोर्च्याचा फोटो बघितला तेव्हा मला फार राग आला होता, तुमचा नव्हे.

शिमग्याला हे पुन्हा पिऊन आले. काही बोलले नाहीत. दारातच चपला काढल्या, सतरंजी उचलली आणि स्वयंपाकघरात गेले. मी आतून कडी लावली आणि झोपले. नीट झोपले.

येत्या बुधवारी बाळाची गोवर-रुबेलाची लस आहे. मी येत नाहीये, हेच त्याला घेऊन येतील. तेव्हा त्यांना एकदा विचारा, कसं चाललंय म्हणून. माझ्यासमोर ते नीट सांगत नाहीत.

तुमची,
बाळाची आई
सिडको, नाशिक